फेजमधील रियाद आणि अकरा हिस्सेदारांचे घर

मोरोक्को हा देश आपल्याकडील व्यापाऱ्यांना माहीत आहे तो बहुतेक खतामुळे. फॉस्फेट आणि फॉस्फरिक आम्ल यांचा मोठा माल भारत तिथून मागवितो. त्यापलीकडे या देशाशी आपला फारसा व्यवहार नाही. पण याच देशात गेल्या तीसेक वर्षांत एक धंदा उभा राहिला आहे, ज्याला कारखाना लागत नाही की कच्चा माल लागत नाही. लागते ते आजा-पणजाचे जुने घर. अशा घरांची हॉटेले झाली आहेत आणि एका रात्रीसाठी तेथे दहा-बारा हजार रुपये मोजणारे लोक जगभरातून येतात. हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून हिवाळा सरता सरता आम्ही फेज शहरात पाच रात्री राहून आलो.

सोबत रत्नागिरी जिल्ह्यातील एक स्नेही होते. खरे तर या प्रवासाचे निमित्तच त्यांचे. खाडीकाठी त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. गेली नऊ वर्षे त्याला कुलूप आहे. हिस्सेदार अकरा. दोघे कुवेतला, एक दक्षिण आफ्रिकेत, बाकीचे मुंब्र्यापासून मीरा रोडपर्यंत विखुरलेले. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. सात जणांचे मत विकावे असे, चौघांचे ठेवावे असे. गिऱ्हाईक आले होते. त्याने भाव लावला तो जागेचा. घराची किंमत शून्य, कारण ते पाडूनच टाकायचे होते. "सही करण्याआधी लोक जुन्या घरांचे काय करतात ते एकदा पाहून येतो," असे म्हणून हे गृहस्थ निघाले आणि आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो.

मुंबईहून आखाती देशात विमान बदलून कासाब्लांका, आणि तेथून आगगाडीने सुमारे चार तासांत फेज. स्टेशन नव्या शहरात आहे. टॅक्सी जुन्या शहराच्या वेशीपर्यंत सोडते. पुढे मोटार जात नाही, जाऊच शकत नाही. गल्ल्या अशा की समोरून लादलेले खेचर आले तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. खेचरवाला दुरूनच "बालाक! बालाक!" म्हणजे सांभाळा, बाजूला व्हा, असे ओरडत येतो. आमच्या बॅगा हॉटेलच्या मुलाने हातगाडीवर घातल्या आणि आम्ही त्याच्या मागे निघालो. दहा मिनिटांत सहा वळणे झाली. आपण कोणत्या दिशेला आहोत हे तेवढ्यात आम्ही विसरलो होतो.

बाहेरून कोरी भिंत

मुलगा थांबला ती जागा पाहून आमच्या स्नेह्यांचा चेहरा उतरला. मळकट, उंच, कोरी भिंत. खिडकी नाही, सज्जा नाही, पाटी तळहाताएवढी. खिळे ठोकलेले जाड लाकडी दार उघडले तर आत एक अंधारा बोळ, आणि तो बोळ लगेच काटकोनात वळलेला. हे वळण मुद्दाम ठेवलेले असते. दार सताड उघडे राहिले तरी रस्त्यावरच्या माणसाची नजर घरातल्या बायकांपर्यंत पोहोचू नये, हा हेतू.

वळण संपले आणि आम्ही चौकात आलो. वर मोकळे आकाश. मध्ये संगमरवरी कारंजे, पाणी अगदी बेताने वाहणारे. चारी बाजूंना खांब. माणसाच्या खांद्यापर्यंत भिंतींवर निळ्या, हिरव्या, पांढऱ्या फरशीच्या बारीक तुकड्यांची नक्षी, त्यावर जिप्समचे जाळीसारखे कोरीव काम, आणि त्याच्याही वर देवदारी लाकडाचे रंगविलेले छत. बाहेरच्या भिंतीवर एक पैसा खर्च केलेला नाही. सगळी श्रीमंती आत. शेजाऱ्याला आपल्या पैशाचा त्रास होऊ नये अशी ही बांधणी आहे, आणि आजकाल बंगल्याच्या फाटकावरच सिंह बसविणाऱ्या आपल्या लोकांनी ती पाहण्यासारखी आहे.

'रियाद' हा शब्द अरबीतील 'रौदा' म्हणजे बाग याचे अनेकवचन. आपण रौझा म्हणतो तो हाच शब्द. खुलताबादला पूर्वी रौझा म्हणत ते वाचकांना आठवेल. काटेकोर बोलायचे तर चौकात बाग असेल तरच रियाद. नुसता फरसबंद चौक असेल तर ते 'दार', म्हणजे घर. पण पर्यटनाच्या धंद्यात सगळ्यांनाच रियाद म्हणण्याची पद्धत पडली आहे. आमचे हॉटेलही असे 'दार'च होते, मात्र चौकात चार संत्र्यांची झाडे कुंड्यांत ठेवून त्यांनी नाव रियाद केले होते.

खोली लांबच लांब होती, आणि रुंदीला जेमतेम तीन मीटर. फेजमधल्या जुन्या घरांत सगळ्या खोल्या अशाच असतात. कारण साधे आहे. छत देवदाराच्या तुळयांवर तोललेले असते आणि तुळईला जेवढी लांबी झेपते तेवढीच खोलीची रुंदी. हे लाकूड मध्य अ‍ॅटलास डोंगरातून येते. आपल्या हिमालयातील देवदाराचा हा सख्खा भाऊ. खोलीच्या एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला बैठक, मध्ये चौकात उघडणारे दोन पुरुष उंचीचे दार. उजेड आणि वारा फक्त चौकातून. वरच्या मजल्यावर एका खोलीला स्वतंत्र जिना होता. तिला 'मसरिया' म्हणतात. पुरुष पाहुणा आला की तो परस्पर तिथे जाई, आणि घरातल्या बायकांना चौकात मोकळेपणाने वावरता येई. आज त्याच खोलीचे भाडे सर्वांत जास्त आहे, कारण युरोपियन पाहुण्याला एकांत हवा असतो.

आमच्या खोलीचे भाडे दोघांना मिळून रात्रीचे १४०० दिरहम होते, सकाळच्या न्याहारीसह. दिरहमचा भाव साधारण नऊ रुपये धरला तर साडेबारा हजारांच्या घरात. शिवाय दर माणशी दर रात्री लहानसा पर्यटन कर वेगळा. फेजमध्ये याच्या निम्म्या भाड्यातही चौकाचे घर मिळते, आणि जुन्या हवेल्यांची जी मोठी हॉटेले झाली आहेत तेथे याच्या दुप्पट-तिप्पट पडतात. न्याहारीला चौकोनी पदर सुटलेली मसेमन नावाची पोळी, जाळीदार बगरीर, रव्याची हर्शा, ऑलिव्ह, ताजे चीज, मध आणि पुदिन्याचा चहा. मांस हलाल की नाही ही चौकशी करण्याचा प्रश्नच नाही. परदेशात ही केवढी निश्चिंती असते ते प्रवास करणाऱ्यांनाच कळेल. काही रियादांत परवाना घेऊन दारू ठेवतात. आमच्याकडे ठेवीत नव्हते. व्यवस्थापकाने सांगितले की त्यामुळे काही गिऱ्हाइके जातात, पण घराच्या मालकाने शेजाऱ्यांना तसा शब्द दिला आहे.

सगळेच गोड होते असे नाही. चौकात कुजबुजलेले सुद्धा चारी खोल्यांत ऐकू येते. वरच्या मजल्यावरची एक मंडळी रात्री बारापर्यंत हसत होती आणि ते हसणे आमच्या उशाशी होते. जिन्याच्या पायऱ्या वीतभर अधिक उंच. गुडघेदुखी असलेल्याने वरची खोली घेऊ नये. तिसऱ्या दिवशी गरम पाणी अर्ध्या आंघोळीत संपले. आणि शहर दाखविण्यासाठी मिळालेला वाटाड्या आम्हाला दोनदा एकाच गालिच्याच्या दुकानात घेऊन गेला, तो कोणाच्या फायद्यासाठी हे व्यापारी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

घरे का सुटली

फेज हे व्यापाऱ्यांचे शहर. परंपरेनुसार फातिमा अल-फिहरी या बाईने ८५९ साली येथे अल-करवीयीन मशीद उभारली आणि तिच्याभोवती विद्यापीठ वाढले. एकोणिसाव्या शतकात येथील व्यापारी थेट इंग्लंडमधील मँचेस्टरला पेढ्या घालून राहत आणि कापडाचा माल इकडे पाठवीत. ही चौकाची घरे अशा लोकांची.

मग १९१२ साली फेजच्याच तहाने देश फ्रान्सच्या ताब्यात गेला. फ्रेंच रेसिडेंट जनरल लियोते याने राजधानी रबातला हलविली, आणि जुन्या शहराला हात न लावता त्याच्या बाहेर रुंद रस्त्यांचे नवे शहर वसविले. जुने शहर त्यामुळे पाडापाडीतून वाचले, पण व्यापार कासाब्लांका बंदराकडे गेला. व्यापाऱ्याची पोरेही त्याच्या मागे गेली. घरे मागे राहिली. त्यात एकेक खोली एकेका कुटुंबाला भाड्याने दिली गेली. खेड्यातून आलेली माणसे तिथे राहू लागली; एका चौकात पाच-सहा चुली पेटल्या. भाडे थोडे, हिस्सेदार पुष्कळ, म्हणून दुरुस्ती कोणीच करीना. आजही फेजच्या कित्येक गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंतींना लाकडी टेकू दिलेले दिसतात. एक भिंत दुसरीच्या आधाराने उभी.

१९८१ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. तेवढ्याने पडझड थांबली नाही, पण जगाचे लक्ष गेले. १९९० च्या दशकात प्रथम माराकेशमध्ये आणि मग फेजमध्ये युरोपातले लोक ही घरे विकत घेऊ लागले. मोरोक्कोत परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, शहरातले घर मात्र घेता येते. २००२ साली पर्यटन निवासांचा कायदा झाला आणि त्यात अशा 'अतिथीगृहां'ना स्वतंत्र वर्ग मिळाला. मग धंद्याने वेग घेतला.

आता मुख्य मुद्दा. ज्यांची घरे होती त्यांनी ती का दिली?

आमच्या हॉटेलचा व्यवस्थापक पन्नाशीचा, शांत बोलणारा मनुष्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर चहा पिताना आमच्या स्नेह्यांनी आपल्या अकरा हिस्सेदारांची गोष्ट त्याला सांगितली. तो हसला. म्हणाला, "आमचे चौदा होते." मग त्याने खाली चौकाकडे बोट केले. आम्ही ज्या खोलीत झोपत होतो त्याच खोलीत त्याच्या आईचा जन्म झाला होता. चौदा वारसांनी मिळून हे घर २००४ साली एका युरोपियन जोडप्याला विकले. आईच्या वाट्याला आलेल्या रकमेत नव्या शहरातील एका फ्लॅटचा पहिला हप्ता भागला. आता तो या घरात पगारावर आहे.

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. त्याने स्वतःच विषय पुढे नेला. त्याचे म्हणणे असे की नव्या मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी घराच्या किमतीपेक्षा जास्त पैसा दुरुस्तीत घातला, तीन वर्षे काम चालले. ते आले नसते तर पूर्वेकडची बाजू कोसळलीच असती. "आम्ही चौदा जणांनी मिळून छताचे एक कौल कधी बदलले नाही," हे त्याचे शब्द.

जुन्या घरांची कागदपत्रे तेथे बहुधा 'मल्किया' स्वरूपाची असतात, म्हणजे अदूल, अर्थात शरीयतचे साक्षी-लेखक, यांनी लिहिलेली मालकीची साक्ष. सरकारी नोंदणीचा पक्का दाखला निराळा. मल्कियावरचे घर विकताना प्रत्येक वारसाची सही लागते, आणि एखादा फ्रान्समध्ये किंवा बेल्जियममध्ये असला की व्यवहार लटकतो. शिवाय शुफा आहे. एका हिस्सेदाराने आपला हिस्सा परक्याला विकला तर त्याच किमतीत तो घेण्याचा पहिला हक्क दुसऱ्या हिस्सेदाराला असतो. मालिकी मजहबमध्ये हा हक्क फक्त हिस्सेदाराला आहे, आणि आमच्या कोकणी मित्राच्या शाफई मजहबमध्येही तसेच. हनफी फिकहात तो शेजाऱ्यापर्यंत जातो. हा हक्क वारसांना घर आपसांत ठेवता यावे म्हणूनच दिलेला आहे. पण तो वापरायला हातात पैसा लागतो आणि भावंडांत बोलणे शिल्लक असावे लागते. चौदा जणांपैकी एकानेही शुफा मागितला नाही.

दोन गल्ल्या पलीकडे

व्यवस्थापकानेच आम्हाला दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या एका घरात नेले. ते याहून लहान, पाच खोल्यांचे, कारागिरीही जरा साधी. पण ते वारसांनी स्वतः चालविलेले आहे. चार भाऊ आणि पाच बहिणी. वडील गेल्यावर यांनीही विकण्याचीच बोलणी चालविली होती. थोरल्या बहिणीने सही करण्यास नकार दिला आणि तिच्या हट्टापायी दोन वर्षे गेली. शेवटी त्यांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. घराची किंमत ठरवून तिचे तेरा भाग केले. कुरआनच्या हुकुमाप्रमाणे भावाला दोन आणि बहिणीला एक. जो भाऊ रोज तेथे बसतो त्याला आधी पगार. मग दुरुस्तीसाठी ठराविक रक्कम बाजूला. मग उरलेला नफा तेरा भागांत. हिशेब वर्षातून दोनदा, सगळ्यांच्या समोर, त्याच चौकात.

हे ऐकायला सोपे वाटते. त्या भावाने मात्र आमच्यापासून काही लपविले नाही. पहिली चार वर्षे कोणालाच काही मिळाले नाही. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरलेले, आणि मोरोक्कोत बिनव्याजी तत्त्वावरच्या सहभागी बँका सुरू झाल्या त्या २०१७ साली. यांचे काम त्याच्या आधीचे. म्हणून दोन खोल्या दुरुस्त करायच्या, त्यांच्या भाड्यातून तिसरी, असे सहा वर्षे चालले. एक भाऊ चिडून बाहेर पडला. त्याचे दोन भाग बाकीच्यांनी हप्त्याने विकत घेतले. तोच भाऊ आता परत घ्या म्हणतो आहे.

आम्हाला या घरात सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट नफ्याची नाही. पाच बहिणींचे पाच भाग कागदावर आहेत आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात पडतात. आपल्याकडे काय होते? बहीण माहेरी आली की गोड बोलून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते, आणि पुन्हा आपण शरीयतप्रमाणे वागतो असेही म्हणतो. घर विकले गेले तरी बहिणीचा हिस्सा बुडतो आणि भावाने वापरले तरी बुडतो. हिस्सा भागांच्या रूपाने लिहिला गेला तर तो बुडविणे कठीण जाते. आमचे स्नेही हे सारे वहीत लिहून घेत होते. त्यांच्या अकरा जणांत चार बहिणी आहेत.

कारागीर आणि खेचरे

अशा घराचा खर्च कशात जातो हे समजावे म्हणून आम्ही ऐन नोकबी भागात गेलो. फेजचे कुंभार आणि फरशीचे कारागीर तेथे आहेत. भट्ट्यांत ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरलेला चोथा जाळतात. जवळपासच्या मातीची चौकोनी फरशी भाजून, तिला रंगाची चकाकी देऊन पुन्हा भाजली जाते. मग कारागीर मांडी घालून बसतो आणि जड, धारदार हातोडीने तिचे तारे, पाकळ्या, पट्ट्या असे तुकडे पाडतो. नजर आणि मनगट, दुसरे माप नाही. हे तुकडे तोंड खाली करून मांडतात आणि मागून गिलावा ओततात. म्हणजे नक्षी बसविणाऱ्याला ती काम पुरे होईपर्यंत दिसतच नाही. ती त्याच्या डोक्यात असते. या कामाला 'झेलीज' म्हणतात. रियादांच्या धंद्याने परदेशी गिऱ्हाईक आणले तसे या कारागिरांना काम आणले, ही जमेची मोठी बाजू आहे. यंत्रावर कापलेली फरशी आता बाजारात स्वस्त मिळते, पण जुन्या घराच्या दुरुस्तीत ती लगेच उघडी पडते.

माल नेण्याचा खर्च वेगळा. वाळू, चुना, विटा, नहाणीघराची भांडी, सगळे खेचराच्या पाठीवरून. राडारोडाही तसाच बाहेर. गॅसच्या टाक्या आणि पाण्याच्या बाटल्याही खेचरावरच येतात. ट्रक दारात लागत नाही तेथे मजुरीचा हिशेब कसा बदलतो, हे आमच्या वाचकांपैकी बांधकामाच्या व्यवसायात असणाऱ्यांनी ताडावे.

त्यावर रोजचा खर्च. सहा खोल्यांच्या आमच्या हॉटेलात नऊ माणसे कामाला होती. संगणकावरून खोली भरून देणाऱ्या परदेशी कंपन्या पंधरा टक्के आणि कधी त्याहून जास्त कमिशन घेतात. हंगाम मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. उन्हाळ्यात फेज भट्टीसारखे तापते आणि जानेवारीत उघड्या चौकाच्या घरात हुडहुडी भरते. मग संकटे. करोनामुळे २०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. सारे थोडे सावरते तोच २०२१ च्या नोव्हेंबरअखेर पुन्हा विमाने थांबली ती २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने माराकेशच्या दक्षिणेकडील डोंगरात सुमारे तीन हजार माणसे दगावली. फेज तेथून शेकडो किलोमीटर दूर, तरी येथलीही बुकिंग रद्द झाली. त्यानंतर मात्र धंदा जोरात आहे. २०२४ मध्ये देशात १ कोटी ७४ लाख पर्यटक आले, आणि २०३० च्या विश्वचषक फुटबॉलचे यजमानपद स्पेन आणि पोर्तुगालबरोबर मोरोक्कोकडे आहे. घरांचे भाव त्याच हिशेबाने चढत आहेत. ज्यांनी २००४ मध्ये विकले ते आज तीच गल्ली विकत घेऊ शकणार नाहीत.

गल्लीचे काय

शुक्रवारी आम्ही अल-करवीयीनमध्ये जुम्याची नमाज अदा केली. मोरोक्कोत बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. आमच्या हॉटेलातील फ्रेंच पाहुणे दारातून डोकावून परतले आणि आम्ही आत गेलो. शेजारी उभे असलेले लोक मालिकी रीतीने हात मोकळे सोडून उभे होते. सफा दाराबाहेरपर्यंत लागल्या होत्या. दुपारी दुकाने बंद आणि घरोघर कुसकूस.

पण फजरला आम्ही गल्लीतल्याच लहान मशिदीत जात होतो. तेथे एक सफही पुरी होत नव्हती. इमामसाहेबांशी व्यवस्थापकाच्या मदतीने बोललो. आमच्या गल्लीत दारे अकरा. त्यांतली पाच आता अतिथीगृहे. एक बंद, दोन टेकूवर. राहती घरे उरली तीन. गल्लीच्या तोंडाशी सामाईक भट्टी आहे. पूर्वी प्रत्येक घरातून मळलेल्या कणकेची पाटी डोक्यावर घेऊन पोरे तिथे येत आणि भाकरी भाजून नेत. आता भट्टीवाला हॉटेलांचे तांबूस पाव भाजतो. धंदा बुडाला नाही. गिऱ्हाईक बदलले आणि पोरे दिसेनाशी झाली. पाहुण्यांना मात्र 'जिवंत जुने शहर' पाहायचे असते. त्यासाठी ते पैसे मोजतात. प्रत्येक घराचे हॉटेल झाले तर पाहुण्याला पाहायला उरेल ते दुसरे हॉटेल. दोन गल्ल्या पलीकडच्या त्या घरात मात्र एक बहीण वरच्या मजल्यावर नातवंडांसह राहते आणि तिची धाकटी नात पाहुण्यांच्या पायांत येत असते. आम्हाला त्या चौकात बसणे जास्त आवडले.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तालआ कबीरा या मोठ्या उतरत्या रस्त्यावरची बू इनानिया मदरशाची इमारत पाहिली. सुलतान अबू इनान याने ती चौदाव्या शतकात बांधली. याच सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न बतूताने आपला प्रवास येथे फेजमध्ये सांगितला आणि इब्न जुझैय याने तो लिहून काढला. १३५५ साली ते काम झाले. त्यात आपले दौलताबाद आहे, नंदुरबार आहे, मराठे लोक आहेत. दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबेही आहेत. या चौकांपैकी कोठल्या तरी चौकात बसून कोणी मराठी मुलखाची गोष्ट सांगितली असेल, या विचाराने आमचे स्नेही बराच वेळ तेथून हलेनात.

त्या रात्री त्यांनी गच्चीवरून कुवेतला थोरल्या भावाला फोन लावला. मोरोक्कोतल्या घराचे वर्णन ऐकून भाऊ कंटाळला असावा. "आपल्या घरात खोल्या किती निघतील, ते सांग," एवढेच त्याने विचारले. आमच्या स्नेह्यांनी बोटे मोजली. माजघराच्या दोन बाजूंच्या चार, वरच्या माळ्यावर दोन, आणि ओटीला लागून असलेली पाहुण्यांची एक, जिला बाहेरून दार आहे. सात. "शौचालये?" एक, तेही परसात. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग भावाने राज्य पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीला काय लागते आणि खाडीकाठच्या बांधकामाला परवानगीची काय अट आहे ते विचारून ठेवायला सांगितले, आणि बहिणींना कोणी विचारले आहे का, असेही. कोणी विचारले नव्हते.

गिऱ्हाइकाला दिलेली मुदत महिनाअखेरची होती. आमच्या स्नेह्यांनी परतल्यावर ती तीन महिने वाढवून मागितली. त्याने एकच महिना दिला आहे. चार बहिणींपैकी तिघींशी त्यांचे बोलणे झाले. चौथी दक्षिण आफ्रिकेत असते, तिचा फोन अजून लागलेला नाही.